चिवड्याच्या बाजूने

दिवाळी अंक हाती आला की मी आधी त्यातले प्रवासवर्णन उघडतो आणि त्यात चिवडा कुठे आहे ते शोधतो. तो असतोच. लेखक पॅरिसमध्ये आयफेल टॉवरच्या पायथ्याशी उभा असतो, मन भारावलेले असते, आणि तेवढ्यात शेजारून ओळखीचा खमंग वास येतो. वळून पाहतो तो आपल्याच मुलखातले एक कुटुंब गवतावर वर्तमानपत्र पसरून बसलेले! मधोमध चिवडा, त्यावर चिरलेला कांदा, बाजूला लोणच्याची बाटली. लेखक शरमेने काळवंडतो, नकाशात तोंड लपवतो आणि परिच्छेदाच्या शेवटी एक सुस्कारा सोडतो : आपली माणसे केव्हा हो सुधारणार?

हा सुस्कारा मी इतक्यांदा वाचला आहे की आता तो मला पाठ झाला आहे. इतकेच नव्हे, एकदा मी स्वत:ही तो सोडलेला आहे. माझ्या दुसऱ्या कादंबरीत एक थोरल्या काकू आहेत. त्या सिंगापूरला जाताना सामानात पंचवीस पुरणपोळ्या आणि एक लहानसा खलबत्ता घेतात. वाचकांना त्या काकू फार आवडल्या. शाळेतल्या शिक्षकांच्या खोलीत तर त्यांच्यावर आठवडाभर हशा चालला होता. आज मला त्या काकूंची क्षमा मागायची आहे, आणि मागता मागता चारदोन लोकांशी भांडायचेही आहे. दिवाळीच्या दिवसांत भांडण नको असे संपादक काही म्हणाले नाहीत, म्हणून हा धीर.

मी मॅट्रिक झालेला माणूस. चित्रकलेचा मास्तर म्हणून पोट भरतो आणि रात्री कादंबऱ्या लिहितो. ह्या दोन्ही धंद्यांच्या मिळकतीत कुटुंब घेऊन महाबळेश्वरपलीकडे जाणे कठीण. पण माझ्या एका कादंबरीवर मालिका काढण्याची बुद्धी कोणाला तरी झाली, हक्कांचे पैसे मिळाले, आणि २०२४ च्या मे महिन्यात आम्ही सहा माणसे अकरा दिवसांसाठी जपानला गेलो. मी, माझी पत्नी, बारा वर्षांची मुलगी, माझी आई, आणि माझे साडू व मेहुणी.

साडू हे ह्या लेखातले प्रतिपक्ष होत. माणूस लाखमोलाचा, अडीअडचणीला धावून येणारा, आणि नोकरीनिमित्त पंधरावीस देश पालथे घातलेला. त्यांचे एक ब्रीद आहे : जिथं जावं तिथलं खावं. ते ब्रीद ते इतक्या आत्मविश्वासाने उच्चारतात की ऐकणाऱ्याला आपला जन्म फुकट गेल्यासारखे वाटते. निघायच्या आदल्या रात्री ते आमच्याकडे आले, तेव्हा पत्नीने दिवाणखान्यात सामान मांडून ठेवले होते. दोन किलो चिवडा, दशम्या, गुळपापडी, मेतकुटाचा डबा, तांदूळ आणि मुगाची डाळ एकत्र करून बांधलेल्या पुरचुंड्या. साडूंनी ते सारे डोळे भरून पाहिले आणि म्हणाले, “मास्तर, जपानला निघालात की आषाढी वारीला?”

सगळे हसले. सर्वांत मोठ्याने मी हसलो. आणि हसण्याच्या भरात मी ते सगळे सामान एकेक करून बाहेर काढले. जागा अडते, वजन होते, तिकडे सगळे मिळते, असे काहीबाही बोलत होतो. पत्नी काही बोलली नाही. तिने तो सगळा पसारा उचलून परत फडताळात ठेवला.

आता माझ्या मुलीविषयी सांगायला हवे. आम्ही कोकणातले, मासे खाणारे. आमच्या घरी शाकाहार हा धर्म नव्हे आणि जातही नव्हे; तो फार तर सोमवार आणि गुरुवार. पण ही पोर आठ वर्षांची असताना आमची रिक्षा एकदा कोंबडीच्या दुकानासमोर गर्दीत अडकली, आणि तिने जे पाहिले त्यानंतर तिने मांस-मासे सोडले ते सोडलेच. कोणी तिला शिकवले नाही, कोणी शपथ घातली नाही. आधी आम्ही चार दिवसांचे खूळ म्हटले. चार वर्षे झाली. ती भित्री नाही. शाळेच्या सहलीत सर्वांत आधी कडा चढते. पण ताटातला पदार्थ अनोळखी असला की तिचा चेहरा बदलतो. ती तो उलटापालटा करून पाहते, वास घेते, विचारते. आपल्याकडे बाजारातल्या बंद पाकिटावर हिरवा ठिपका असतो. सरकारी नियमच तसा आहे. ती दुकानात गेली की आधी तो ठिपका पाहते आणि मग बाकीचे. तिचा सारा धीर त्या इवल्याशा ठिपक्यावर उभा आहे, हे मला जपानला जाईपर्यंत कळले नव्हते. तिथे तो ठिपका नसतो.

तोक्योतले दोन दिवस पाव, केळी आणि दुधावर निभावले. तिसऱ्या दिवशी क्योतोत एका लहानशा खानावळीत गेलो. उदोन म्हणून गव्हाच्या जाड शेवया असतात, त्या गरम रसात घालून देतात. मी खुणांनी विचारले, मांस नाही ना? मालकीणबाईंनी हसून मान डोलावली. खोटे बोलल्या नाहीत त्या. मांस नव्हतेच. मुलगी दोन दिवसांची भुकेली. अर्धा वाडगा तिने संपवला. तेव्हा साडू खोखो हसत म्हणाले, “अगं वेडाबाई, हा रस कशाचा आहे ठाऊक आहे का? ह्यात मासाच उकळलेला असतो!”

आणि ते खरे होते. कात्सुओ नावाचा मासा ते लोक उकडून, धुरावून, लाकडासारखा कडक होईपर्यंत वाळवतात, आणि त्याचा रंध्यावर काढावा तसा कीस काढतात. हा कीस आणि कोंबू नावाची समुद्रातली वनस्पती उकळत्या पाण्यात घालून जो अर्क काढतात तो दाशी. जपानी स्वयंपाकात दाशी म्हणजे आपल्याकडची फोडणी समजा. मिसोच्या सारात ती, शेवयांच्या रसात ती, भाजी शिजवायची ती दाशीत, टोफूवर ओततात तीही दाशी घातलेली. त्यांच्या लेखी तो मासा नव्हेच, ती चव. फोडणीला तेल घातले म्हणून कोणी आमटीला तेल म्हणते का? मला स्वत:ला तर तो रस इतका आवडला की मी दुसरा वाडगा मागवला, आणि तिच्या समोर बसून प्यालो. ही गोष्ट लिहून टाकलेली बरी.

ती उठून बाहेर गेली. ओकली. परत आली ती गप्प. त्या रात्री तिने काही खाल्ले नाही. चौथ्या दिवशी सकाळी पावाचा तुकडा हातात धरून ती म्हणाली, “बाबा, ह्यात काय काय घातलंय?” मी म्हणालो, पाव आहे, पावात काय घालणार? “काल तुम्ही असंच म्हणाला होता.” तिने पाव ठेवून दिला. दुपारी भात नाकारला, कारण तो कोणत्या पाण्यात शिजवला कोण जाणे. संध्याकाळी मी चिडलो. एवढे पैसे खर्चून, एवढ्या लांब येऊन! हॉटेलच्या खोलीत मी तिला म्हणालो, खायचं तर खा, नाहीतर राहा उपाशी. हे वाक्य मी वर्गात डबा न खाणाऱ्या मुलांनाही कित्येक वर्षे ऐकवीत आलो आहे आणि त्याचा उत्तम उपयोग होतो अशी माझी समजूत होती. ती उपाशी राहिली. पाचव्या दिवशी सकाळी क्योतो स्टेशनात जो भलामोठा जिना आहे, त्याच्या पायरीवर ती मटकन खाली बसली. ओठ पांढरे, हात गार.

“जिथं जावं तिथलं खावं” म्हणणाऱ्या सर्व शूर पुरुषांना मी त्या पायरीवर नेऊन बसवू इच्छितो.

तुमचे म्हणणे असे की परदेशात गेल्यावर अन्नाची धास्ती घेणे हा अडाणीपणा आहे, संकुचितपणा आहे. मी विचारतो, कशावरून? माझ्या आईला चौदा वर्षांपासून मधुमेह आहे. तिच्या गोळ्यांपैकी एक अशी की ती घेतल्यावर जेवायला उशीर झाला तर रक्तातली साखर भलतीच उतरते. म्हणून तिच्या पिशवीत ग्लुकोजची पूड आणि शेंगदाण्याची चिक्की कायम असते. निघायच्या रात्री तीही पिशवी तिथेच पडली होती. तिला साडू हसले नाहीत. उलट, “आईंची पिशवी हाताशी ठेवा हं,” म्हणाले. म्हणजे डॉक्टरने लिहून दिली की ती काळजी, आणि घरातल्या बाईने बांधून दिली की तो खुळेपणा! हा न्याय कुठला?

आणि संकुचित म्हणजे तरी कोण? १८८८ साली एक अठरा वर्षांचा काठेवाडी मुलगा बोटीने विलायतेला निघाला. आईला त्याने मांस न खाण्याचे वचन दिले होते. काटे-चमचे धरता येत नव्हते, यादीतले कोणते पदार्थ बिनमांसाचे हे विचारण्याचा धीर नव्हता. तेव्हा तो जेवणाच्या टेबलाकडे फिरकेच ना. आपल्या खोलीत बसून घरून नेलेली मिठाई आणि फळे खाई. हे त्याने पुढे स्वत:च आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. लंडनमध्ये एका मित्राने त्याला नाटकाआधी मोठ्या उपाहारगृहात जेवायला नेले. सूप समोर आले. त्याने वाढप्याला बोलावून विचारू पाहिले, हे भाज्यांचेच आहे ना? मित्र संतापला. सभ्य लोकांत वावरायची तुझी लायकी नाही, बाहेर जाऊन कुठे मिळेल ते खा, असे त्याने सुनावले. मुलगा बाहेर पडला. जवळचे शाकाहारी उपाहारगृह बंद झाले होते. त्या रात्री तो उपाशीच नाटकाला गेला. हा मुलगा म्हणजे मोहनदास गांधी. आज त्या मित्राच्या जागी बसून आपण हसतो आहोत, हे हसणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही.

आपली आनंदीबाई जोशी घ्या. १८८३ साली अमेरिकेला जाण्यापूर्वी श्रीरामपूरला भरसभेत तिने सांगितले की हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. तिकडे जाऊन तिने नवऱ्याच्या आणि समाजाच्या कल्पनेपलीकडचे धाडस केले, १८८६ साली फिलाडेल्फियात डॉक्टर झाली. पण साडी आणि आपला आहार सांभाळण्याची तिची धडपड काही सुटली नाही. ती संकुचित होती काय? जुन्या वळणाच्या लोकांनी तिला जाते म्हणून छळले, आणि तिने पानात काय वाढून घ्यावे ह्यावरून नव्या वळणाच्यांनी आज तिला हसावे, हे बरे नव्हे.

बाकीच्या जगाचे पाहा. २००८ साली कोरियाची पहिली अंतराळप्रवासी यी सो-यन वर गेली, तेव्हा तिच्याबरोबर किमची पाठवता यावी म्हणून त्यांच्या शास्त्रज्ञांनी खटपट केली होती. किमची म्हणजे मुरवलेली, आंबवलेली कोबी, म्हणजे आपले लोणचेच म्हणा. १९८४ साली राकेश शर्मा गेले तेव्हा म्हैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेने त्यांच्यासाठी आपल्याकडचे पदार्थ तयार करून दिले. त्यात शिरा होता. आभाळाच्याही वर जाताना शिरा न्यावासा वाटला, तर ओसाकाला जाताना चिवडा नेला म्हणून काय बिघडले?

आणि खुद्द जपानातली एक कथा तर मला फारच आवडते. रासबिहारी बोस १९१५ साली इंग्रजांना चुकवून जपानला गेले. तोक्योच्या शिंजुकु भागात नाकामुराया नावाची पावाची पेढी होती, तिच्या मालकांनी त्यांना लपवून ठेवले. पुढे १९१८ साली त्यांच्या मुलीशी बोसांचे लग्न झाले. जपानात तेव्हा इंग्रजांकडून आलेली, पीठ लावून घट्ट केलेली रस्सेदार ‘करी’ खात. बोसांना ती पसंत नव्हती. त्यांनी आपल्याकडच्या पद्धतीची रस्साभाजी, अर्थात कोंबडीची, सासुरवाडीच्या लोकांना शिकवली, आणि १९२७ साली ती त्या पेढीच्या उपाहारगृहात विकायला ठेवली गेली. ती आजही मिळते. डोक्यावर इंग्रज सरकारचे बक्षीस, परत येण्याची आशा नाही. अशा माणसालाही आपला मसाला विसरता आला नाही. त्याला कोणी “जिथं जावं तिथलं खावं” म्हणून ऐकवल्याचे माझ्या वाचनात नाही.

इथे एक गोष्ट वेगळी काढून ठेवतो, नाहीतर नको ते लोक माझ्या बाजूला येऊन उभे राहतील. भीती निराळी आणि किळस निराळी. क्योतोत निशिकी नावाचा बाजार आहे. अरुंद गल्ली, दोन्हीकडे मासे, लोणची, टोफू, चहा. तिथे आपल्याकडचीच एक सहल आमच्यापुढे चालली होती. त्यांतले काही लोक नाकाला रुमाल लावून, “शी! काय खातात मेले!” असे मोठ्याने बोलत होते. त्यांच्या पाठीवरच्या थैल्यांतही चिवडाच असेल. त्यांची वकिली मी करणार नाही. दुसऱ्याच्या ताटापुढे नाक मुरडणे हा उद्धटपणा, आणि तो स्वत:ला सोवळा म्हणवतो म्हणून पवित्र होत नाही. माझी मुलगी त्याच गल्लीत मासळीवाल्यासमोर थांबून त्याची सुरी कशी चालते ते दहा मिनिटे बघत होती. दुसऱ्याने काय खावे ह्याबद्दल तिची काही तक्रार नाही. आपल्या तोंडात काय जाते हे तिला कळायला हवे आहे, इतकेच.

जिन्याच्या पायरीवर मी गडबडून गेलो होतो. आईने तिच्या तोंडात ग्लुकोज घातले. मग स्वत:च्या औषधांच्या पिशवीत खोल हात घालून तिने मेतकुटाचा डबा बाहेर काढला. मी परत ठेवायला लावलेला, तोच! रात्री सगळे निजल्यावर तिने तो फडताळातून उचलला होता. मला म्हणाली, “तू आण कुठून तरी पांढरा भात.” जपानात कोपऱ्याकोपऱ्यावर चोवीस तास उघडी असणारी लहान दुकाने असतात, तिथे शिजवलेल्या भाताचे बंद वाडगे मिळतात, दुकानातच गरम करता येतात. मुलीने भाताचा वास घेतला, डब्याचा वास घेतला. डब्याचा वास तिच्या ओळखीचा होता. स्टेशनच्या पायरीवर बसून तिने तो वाडगा संपवला आणि दुसरा मागितला.

टीकाकार म्हणतील, पाहा, शेवटी मेतकूट-भातच! एवढे जपानला जाऊन! थांबा. पुढचे ऐका.

त्याच संध्याकाळी हॉटेलातल्या टेबलामागे बसणाऱ्या मुलीला माझ्या पत्नीने मोडक्यातोडक्या इंग्रजीत सगळी हकीकत सांगितली. तिने एका कार्डावर जपानीत लिहून दिले : मांस नको, मासे नकोत, शिंपले-कोळंबी नको, त्यांची दाशीही नको, कोंबूची आणि शिताके अळंब्यांची दाशी चालेल. ते कार्ड घेऊन माझी मुलगी दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक खानावळीत सर्वांत पुढे. पाचांपैकी तीन ठिकाणी आतला माणूस कार्ड नीट वाचून दोन्ही हातांची फुली करून दाखवी. म्हणजे जमणार नाही. मला वाईट वाटे, तिला मात्र आनंद होई. मी कारण विचारले तर म्हणाली, “बाबा, हे नाही म्हणतात ते खरं नाही असतं.” भित्र्याला नकाराची भीती नसते, मोघम होकाराची असते. आणि आम्ही वडीलधारी माणसे त्याला दिवसभर मोघम होकारच तर देत असतो : काही नसतं गं त्यात, खा!

पुढचे दोन दिवस आम्ही कोया पर्वतावरच्या एका देवळात मुक्काम केला. नवव्या शतकात कूकाई नावाच्या आचार्यांनी वसवलेले हे बौद्ध क्षेत्र. तिथल्या मठांत पाहुण्यांना राहता येते आणि शोजिन र्‍योरी म्हणजे भिक्षूंचे शाकाहारी जेवण मिळते. दाशी कोंबूची आणि अळंब्यांची. जपानात ६७५ साली तेन्मू सम्राटाने गाय, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी ह्यांचे मांस वर्षाच्या काही महिन्यांत वर्ज्य केले होते. चतुष्पादांचे मांस उघडपणे खाणे तिथे पुढे कित्येक शतके गैर मानीत, आणि १८७२ साली मेइजी सम्राटाने गोमांस खाल्ल्याची बातमी झाली तेव्हा लोकांना तो मोठाच पालट वाटला. म्हणजे “तिथलं खावं” म्हणणाऱ्यांना ‘तिथलं’ म्हणजे काय हे तरी कुठे ठाऊक असते? माझ्या मुलीने त्या मठात सात लहान लहान वाडग्यांतले पाच पदार्थ खाल्ले. तिळाचा टोफू तिला आवडला. उमेबोशी म्हणजे खारवलेले आंबट फळ, ते तोंडात घालून तिने डोळे मिटले आणि म्हणाली, “आजीच्या लिंबाच्या लोणच्याचा मामेभाऊ!” मेतकुटाचा डबा शेजारीच होता. तिने तो उघडला नाही. पण जेवण होईपर्यंत तो डोळ्यांसमोर असावा, असे तिला वाटत होते.

भूकलाडू आणि तहानलाडू बरोबर बांधून दिल्याशिवाय आपल्या कहाण्यांतला राजपुत्र घराबाहेर पडत नाही, तो काय भित्रा म्हणून? लाडू आहेत म्हणूनच तो सात समुद्र ओलांडतो. आमच्या साडूंसारखे लोक समजतात की चिवडा माणसाला घराशी बांधून ठेवतो. मी जे पाहिले ते उलटेच. कनवटीला ओळखीचे काही असले तरच अनोळखी गोष्टीला हात घालण्याची हिंमत होते. एलिन सॅटर नावाच्या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंनी मुलांच्या जेवणाबद्दल एक साधी वाटणी सांगितली आहे : काय वाढायचे, केव्हा आणि कुठे, ते मोठ्यांनी ठरवावे, त्यातले किती खायचे आणि खायचे की नाही, ते मुलाने. आणि पानात एक तरी पदार्थ त्याच्या ओळखीचा असावा. परत आल्यावर मी हे वाचले आणि वर्गात पंचवीस वर्षे दटावून रिकामे करवून घेतलेले डबे आठवले. काही मुलांत ही भीती इतकी वाढते की वजन उतरते, वाढ खुंटते. २०१३ साली अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने तिला आजारांच्या यादीत स्वतंत्र जागा दिली. अशा मुलाला तज्ज्ञांकडेच न्यावे लागते. तिथे चिवडा पुरत नाही आणि दटावणी तर नाहीच नाही.

आता दुसऱ्या बाजूशीही दोन शब्द. “रोज रात्री घरच्यासारखं भारतीय जेवण!” अशा जाहिराती देणाऱ्या सहलीवाल्यांना वाटत असेल की हा मास्तर आपल्याच तर्फे बोलतो आहे. मुळीच नाही. संध्याकाळी शहरात दिवे लागतात, रस्ते गजबजतात, नेमक्या त्याच वेळी तुम्ही चाळीस माणसे बसमध्ये कोंबून तासभर लांब नेता आणि काल रात्रीचेच पनीर आज दुसऱ्या भांड्यात वाढता. हे भीतीवरचे औषध नव्हे. भीतीचे हे दुकान आहे, आणि गिऱ्हाईक बरे होणे कोणत्याच दुकानाला परवडत नाही.

आणि शेवटचे भांडण माझे माझ्याशीच आहे. मी हा लेख पत्नीला वाचून दाखवला तेव्हा ती म्हणाली, “छान आहे. म्हणजे पुढल्या खेपेला मी चार किलो चिवडा करायचा तर!” मी गप्प झालो. आधी साडूंच्या हसण्यावरून मी तिचे सामान बाहेर काढले; आता मला पटले म्हणून ती ते पुन्हा भरणार. दोन्ही वेळा ठरवणारा मी आणि कढईपुढे उभी ती. परदेशच्या हॉटेलांत मी असल्या बाया पाहिल्या आहेत. न्याहारीच्या वेळी सगळे खिडकीतून डोंगर बघत असतात आणि ही खोलीत विजेच्या किटलीत उपमा भिजवत असते. धुराची घंटा वाजेल म्हणून स्नानघराचे दार लावून घेते. पंधरा दिवसांची ही सहल, तिच्यापुरते नुसते स्वयंपाकघर बदलले. सासऱ्यांना गरम लागते, मुलाला तिखट चालत नाही, नवऱ्याला दह्याशिवाय जेवल्यासारखे वाटत नाही. ह्या सगळ्यांची धास्ती तिने एकटीने वाहायची, आणि वर चिवड्याचा विनोद झाला की तो तिच्याच नावावर! माझ्या कादंबरीतल्या थोरल्या काकूंनी त्या पंचवीस पुरणपोळ्या स्वत:साठी नेल्या असतील, असे लिहिताना मला खरेच वाटले होते काय?

तेव्हा आमच्या घरी आता असे ठरले आहे की प्रवासाची शिदोरी ज्याला हवी त्याने करावी. मुलीने चिवडा पत्करला. मेतकूट माझ्याकडे आले. गेल्या रविवारी मी पहिला घाणा घातला. हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ, तांदूळ, थोडे गहू. प्रत्येक वेगवेगळे भाजायचे, मंद आचेवर. मग मेथी, धने, जिरे, मोहरी, सुंठ, हळद, हिंग. आई खुर्ची टाकून स्वयंपाकघराच्या दारात बसली होती. हरभऱ्याची डाळ भाजताना मला एका प्रकरणाचा शेवट सुचला, मी तो टिपून घ्यायला आत गेलो आणि परत आलो तो सगळीकडे धूर. आई काही बोलली नाही. तिने फक्त खिडकी उघडली. साडूंचा त्याच वेळी फोन आला. ते येत्या महिन्यात व्हिएतनामला निघाले आहेत. म्हणाले, “मास्तर, तो डबा, तो मेतकुटाचा... जास्तीचं करताय का?” मी त्यांना सांगितले, करपलेले चालणार असेल तर आहे. ते म्हणाले, चालेल.